आठशे येनची सान्तोकु: गंजलेली जपानी सुरी पुन्हा कामाला लावताना

ओसाकात राहून सहा वर्षं झाली, तरी घरात आजवर कारखान्यात छापलेली स्टेनलेसची सुरीच होती. हाताने घडवलेली चांगली सान्तोकु नवी घ्यायची तर १५,००० येनच्या आसपास जातात. म्हणून जुनी घेऊन दुरुस्त करायची ठरवली. नोंदी त्या त्या रात्री लिहिल्या, कुठे कुठे नंतर एखादी ओळ जोडली आहे. चुका काढून टाकलेल्या नाहीत.

२१ एप्रिल २०२४, रविवार

शितेन्नोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला जुना बाजार भरतो. जुने किमोनो, चहाचे पेले, बंद पडलेली घड्याळं आणि ताडपत्रीवर पसरलेलं कुणाच्या तरी आजीचं स्वयंपाकघर. अशाच एका ताडपत्रीवर बिस्किटांच्या डब्यात आठ-नऊ सुऱ्या उभ्या खुपसलेल्या होत्या.

भाजीची नाकिरी, माशाची जाडजूड देबा आणि या दोघींच्या मधली सान्तोकु. सान्तोकु म्हणजे तीन गुण: मांस, मासे, भाजी. युद्धानंतरच्या काळात घरोघरी एकाच सुरीवर भागवायची वेळ आली तेव्हा ही रुजली. आमच्या घरात मासे कापूनच आणतात, म्हणजे तीनातले दोन गुण पुरे आहेत.

डब्यातल्या तीन सान्तोकु बाजूला काढल्या. एका डोळ्याने पाठीवरून पाहिलं, तर एक केळ्यासारखी वाकडी. दुसरीच्या धारेवरच गंजाचे खड्डे. तिसरीला गंज भरपूर, पण पाठ सरळ आणि धार बऱ्यापैकी सलग. पात्यावर ठोकलेल्या शिक्क्यातलं 'साकाई' एवढंच वाचता आलं, म्हणजे सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं ओसाकाशेजारचं गाव. बाईंनी १,००० सांगितले, मी नुसताच उभा राहिलो, ८०० झाले. आपले साधारण ४३० रुपये.

बाईंनी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, पुठ्ठा लावला, चिकटपट्टी मारली आणि बॅगेच्या तळाशी घालायला लावली. इथे ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. बाजारातून घरी नेणं हे कारण चालतं, पण चार दिवस बॅगेत विसरून चालणार नाही.

घरी येऊन व्हर्नियर काढला. पातं १६१ मिमी, टाचेपाशी (मुठीकडच्या टोकाशी) रुंदी ४१, पाठीची जाडी ३.२. नवी असताना रुंदी ४६-४७ तरी असणार. म्हणजे कुणीतरी घासून घासून पाचेक मिलिमीटर संपवलंय. हा आकडा तेव्हा नुसता लिहून ठेवला. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

२२ एप्रिल

मूठ काढली. पातं जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळून हातात धरलं आणि मुठीच्या पुढच्या कडेवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके दिले. चौथ्या ठोक्याला मूठ सुटली आणि आतून काळा ओला भुगा सांडला. वास सर्दाळलेल्या माळ्याचा. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी, हिला इथे नाकागो म्हणतात, गंजून निम्मी झालेली. कानशीने खरवडल्यावर आत निरोगी लोखंड लागलं, नशीब.

जुनी सुरी घेणाऱ्याने मूठ कितीही चांगली दिसली तरी काढून बघावी. खरा रोग आतच असतो.

२७ आणि २८ एप्रिल

पहिली घोडचूक. तांदळाच्या व्हिनेगरात पातं दोन तास बुडवून गंज सैल करायचा बेत होता. शनिवारी संध्याकाळी ट्रेमध्ये घातलं, मित्राकडे जेवायला गेलो, आलो, झोपलो. सकाळी बघतो तर चौदा तास झालेले.

गंज गेला. त्याच्यासोबत पात्याच्या वरच्या भागावरचा काळा थर, कुरोउची, तोही गेला. भट्टीत घडवताना बसलेला हा थर म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड. आम्लाला गंज कुठला आणि शोभा कुठली हे कुठून कळणार? पातं राखाडी, खडबडीत, उकडलेल्या सुरणासारखं दिसायला लागलं. शिक्काही पुसट झाला. खाण्याच्या सोड्याने धुतलं, पुसलं, पंख्याखाली वाळवलं, तरी दहा मिनिटांत पिवळी झाक आलीच. आम्लातून निघालेलं लोखंड उघडं असतं. लगेच तेलाचं बोट फिरवावं लागतं हे तेव्हा कळलं.

पुन्हा करायचं झालं तर अर्ध्या अर्ध्या तासाने काढून घासणीने घासेन, आणि कुरोउचीवर तर व्हिनेगर लावणारच नाही. तिथला गंज सुटा करायला तेल आणि तांब्याची तार पुरते.

२९ एप्रिल

सुट्टी. पॉलिश पेपर २४०, ४००, ८००, या क्रमाने लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, पाणी लावत, टाचेकडून टोकाकडे. तीन तास. टाचेजवळ धारेच्या जरा वर एक खड्डा खोल आहे, तो सोडून दिला. तो जाईपर्यंत घासलं असतं तर आजूबाजूचं पातंही गेलं असतं.

३ मे

आज धार. इथे सगळीकडे एकच युक्ती सांगतात: दगडावर सुरी ठेवायची आणि पाठीखाली १० येनची दोन-तीन नाणी मावतील एवढी उचलायची. किंग कंपनीचा १००० नंबरचा दगड (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पंधरा मिनिटं पाण्यात बुडवला. बुडबुडे थांबले की दगड प्यायला असं समजायचं. तीन नाण्यांचा अंदाज घेतला आणि सुरू झालो.

एका बाजूने पुरेसं घासलं गेलं की दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर पोलादाची बारीक किनार उलटून येते. जपानीत कायेरी, म्हणजे परतलेली. भोसरीत शॉप फ्लोअरवर चार वर्षं काढली, तिथे आम्ही तिला बर म्हणायचो. ती बोटाला लागेपर्यंत बाजू बदलायची नाही, हा नियम.

दीड तास झाला. बर नाही. खांदे भरून आले आणि मधल्या मध्ये दगडालाच खळगा पडला.

४ मे

रात्री डोकं चाललं नव्हतं, सकाळी चाललं. धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रेघ मारली, दगडावर दहा हात फिरवले आणि खिडकीत धरून पाहिलं. शाई धारेवर जशीच्या तशी, पुसली गेली ती तिच्या दोन मिलिमीटर वर. म्हणजे दीड तास मी सुरीचा खांदा, धारेचा उतार जिथे सुरू होतो ती कड, घासत होतो. धारेला दगड लागलाच नव्हता.

मग हिशेब केला. तीन नाणी साडेचार मिलिमीटर, त्यात पाठीची निम्मी जाडी, मिळून सहा. रुंदी ४१. कोन येतो साडेआठ अंश. आणि आधीच्या मालकाने बहुधा चाकांच्या यंत्रातून सुरी ओढून ओढून जवळजवळ वीस अंशांचा आखूड उतार पाडून ठेवलेला. नाण्यांची युक्ती पातळ, नव्या पात्यासाठी ठीक आहे. आपल्या पात्याला ती लागू आहे का, हे मार्करची एक रेघ दोन मिनिटांत सांगते.

म्हणून सुरी तशीच उचलून वीस अंशाने धरली. वीस मिनिटांत बर आली, दुसरी बाजू केली, कागद चरचर कापला. मी खूश. गाजर घेतलं. सुरी मध्यापर्यंत गेली आणि गाजर 'टक्' करून फुटलं. कापलं नाही, फुटलं. बटाट्यात तर पाचर ठोकल्यासारखी अडकून बसली. कागद कापते आणि गाजर फोडते, हे काय प्रकरण?

५ मे

हान्काई ट्रामने साकाईला गेलो. पुठ्ठ्यात गुंडाळलेली सुरी बॅगेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू आला, त्याची पानं बारीक चिरायच्या सुऱ्या इथे बनू लागल्या आणि पुढे तोकुगावा सरकारने त्यांच्यावर आपला शिक्का मारायला परवानगी दिली. त्या शिक्क्यावर गावाचं नाव मोठं झालं. इथे आजही एक माणूस पातं घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरीकडे मूठ बसते. त्यामुळे पात्यावरचं नाव बहुतेक वेळा घडवणाऱ्याचं नसून माल विकणाऱ्या पेढीचं असतं. माझ्या पुसट शिक्क्याचं दुःख थोडं कमी झालं.

एका लहानशा दुकानात सुरी दाखवली. आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला, धार अंगठ्याच्या नखावर आडवी टेकवली, जराशी दाबली आणि म्हणाले, "आत्सुई नाआ." मला वाटलं त्यांना उकडतंय. मी मान डोलावून आज खरंच गरम आहे म्हणालो. ते हसले. आत्सुई म्हणजे गरम, आणि आत्सुई म्हणजे जाडही.

मग त्यांनी एका तयार सुरीची धार माझ्या नखावर टेकवली. नखावरून पुढे ढकलली तेव्हा धारेची कड केसभर लवली आणि परत सरळ झाली, डोळ्यांना दिसेल इतकी. माझी सुरी तशी दाबली तर नखच दबलं.

गोष्ट अशी आहे. पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ होत जातं. दर वेळी नुसती कड घासली की धार वर सरकते, जाड भागात शिरते. पाच मिलिमीटर संपेपर्यंत कुणी बाजू पातळ केल्या नाहीत तर कड कितीही तीक्ष्ण केली तरी मागून पाचर येतेच. म्हणजे ३ तारखेला चुकून मी जे करत होतो, ते खांदा घासणं, तेच करायला हवं होतं. फक्त १००० नंबरने नव्हे. ते म्हणजे कुऱ्हाडीचं काम नेलकटरने करण्यासारखं झालं.

२२० नंबरचा दगड घेतला, २,१५० येन. आजोबांनी फुकटात एक सल्ला दिला: घाई झाली की थांब.

६ मे, ११ मे, १२ मे

तीन दिवसांत मिळून साडेसहा तास, सगळे पातळ करण्यात. लिहिण्यासारखं फार नाही, म्हणून थोडक्यात.

मूठ नसलेलीच बरी. शेपटीला चिंधी गुंडाळली की पातं दगडावर आडवं निजवता येतं. दोन बोटं पात्यावर, जिथे घासायचं आहे बरोबर त्याच्या वर. पाठ जेमतेम करंगळीच्या नखाएवढी उचललेली. दगडावर जो राखाडी चिखल तयार होतो तो धुवायचा नाही. सहाणेवर गंध उगाळताना जसं थेंब थेंब पाणी घालतो तसं घालायचं, कारण घासण्याचं निम्मं काम तो चिखलच करतो. पहिल्या दिवशी स्वच्छतेच्या हौसेने मी तो सारखा धूत होतो. आई असती तर म्हणाली असती, "अरे, गंध काय नळाखाली उगाळतोस?"

दर वीस मिनिटांनी दगडावर पेन्सिलने चौकटी आखून १०० येनच्या दुकानातल्या हिऱ्याच्या पट्टीने सपाट करायचा. चौकटी सगळीकडे पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. हे टाळलं की खळग्यातून पात्याला पोट येतं.

११ तारखेला घाई झाली आणि मी थांबलो नाही. टोकाकडे जोर जास्त पडला, दोन सेंटिमीटरचा पट्टा जरा खोल गेला. धार फळीवर टेकवली तर तिथून उजेड दिसायला लागला. ते सरळ करायला सगळी धारच अर्धा मिलिमीटर खाली आणावी लागली. दीड तास वाया.

पण त्याच दिवशी एक गोष्ट दिसली. पातं पुसून खिडकीत तिरकं धरलं तर धारेच्या वर साधारण १२ मिलिमीटरवर एक नागमोडी रेघ. रेघेखाली आरशासारखं झळकणारं पोलाद, वर धुक्यासारखं मऊ, मंद लोखंड. दोन मऊ लोखंडांच्या मध्ये कडक पोलादाची पट्टी भट्टीत ठोकून एकजीव केलेली. पोलाद शिरोगामी आहे की आओगामी, म्हणजे पांढऱ्या कागदाचं की निळ्या, हे नुसतं बघून कळत नाही. शिमानेतल्या यासुगीच्या कारखान्याने वेगवेगळ्या जातींना जे कागद गुंडाळले त्यांवरून ही नावं पडली. मी ती रेघ बघत इतका वेळ उभा होतो की बायकोने विचारलं, "काही बिघडलं का?"

धारेपासून ५ मिलिमीटर वर जाडी: आधी १.५, आता ०.८.

१८ मे

मूठ. होओ (जपानी मॅग्नोलिया) लाकडाची, काळ्या प्लॅस्टिकच्या कड्याची, १,३२० येन. भोक मुद्दाम लहान असतं. शेपटी तापवून जाळत आत घुसवायची. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, कारण पोलाद साधारण २०० अंशांपुढे तापलं तर भट्टीत दिलेलं पाणी उतरतं आणि धार मऊ पडते. गॅसच्या छोट्या बर्नरवर शेपटी लालसर झाली, मुठीत खुपसली, स्वयंपाकघरात होळी पेटल्यासारखा धूर झाला. एक्झॉस्ट चालू करायचं विसरलो होतो. गजर वाजला.

गजर बंद करायला स्टुलावर चढलो, तेवढ्यात मूठ तिरकी थंड झाली. सुमारे चार अंश. कापताना सुरी सतत डावीकडे बघते. ठोकून काढायला गेलो तर लाकूड उभं चिरलं. १,३२० येन गेले.

१९ मे

दुसरी मूठ, त्याच किमतीची. पहिली एका बाजूला कंगोरा असलेली, उजव्या हातासाठीची घेतली होती. बायको डावखुरी आहे हे दुकानात आठवलं नव्हतं. तिने आठवण करून दिली, म्हणून या वेळी अष्टकोनी.

आज एकदम खुपसली नाही. तीन वेळा तापवून थोडी थोडी आत, दर वेळी बाहेर काढून पाठीवरून नजर. शेवटचा एक सेंटिमीटर गार झाल्यावर: मूठ खाली धरून तिच्या बुडावर हातोडी मारायची. पातं हवेतच असतं, तरी ते जडत्वामुळे आत सरकत जातं. मोठी गंमत वाटते. तोंडाशी राहिलेली फट दोन ट्यूबच्या एपॉक्सीने बुजवली, म्हणजे पाणी शिरून पुन्हा तो माळ्याचा वास नको.

आतापर्यंतचा खर्च: सुरी ८००, दोन दगड ४,८३०, दोन मुठी २,६४०, पात्याला लावायचं त्सुबाकीचं (कॅमेलियाचं) तेल ७८०, एपॉक्सी-पॉलिश पेपर-हिऱ्याची पट्टी असं किरकोळ ४४०. एकूण ९,४९० येन. दगड पुढच्या सुऱ्यांनाही चालतील, अशी मी स्वतःची समजूत घालतोय.

२५ मे

आता खरी धार. १००० वर, पंधरा अंश. ४१ मिलिमीटर रुंदीला पाठीचा मध्य साडेदहा मिलिमीटर उंच. या वेळी हिशेब आधी केला. पातळ केल्यामुळे आठ मिनिटांत बर आली. टोमॅटो स्वतःच्या वजनाने कापला गेला. वा.

रात्री कोथिंबीर चिरली, तर पाचव्या मिनिटाला सुरी बोथट. भिंगाने पाहिलं: बर निघालीच नव्हती, कडेवर उभी राहून धारेचं सोंग करत होती. टोमॅटो तिनेच कापला आणि मग आडवी झाली. पुन्हा १००० वर, पण आता एक हात इकडे, एक तिकडे, जोर दर वेळी कमी, शेवटचे दहा हात नुसत्या पात्याच्या वजनाने. मग घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर उलट्या दिशेने ओढली. कागदावर एक राखाडी केस उतरला. तीच ती.

२ जून

आई कराडहून आली आहे, तीन महिन्यांसाठी. विळी आणायची होती, बाबांनी आणू दिली नाही. पहिले दोन दिवस तिने सान्तोकुला हात लावला नाही. "उभं राहून काय चिरायचं?" आज काकडी घेतली आणि ती चोचवायला बसली, जमिनीवर, काकडी डाव्या हातात उभी धरून, वरून उभे-आडवे वार.

मी घाबरलो. या सुरीला फळीवरच्या कामाची सवय, हातावरच्या नाही. "आई, बोट जाईल गं."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चोचवतेय."

काकडीचा चुरा पडला तो विळीवर पडतो तसाच, पाणी न सुटता. खमंग काकडीला दाण्याचं कूट घालताना ती एवढंच म्हणाली, "हलकी आहे. पण नारळाला उपयोगाची नाही." बरोबर आहे. नारळ, गोठवलेलं काही, हाडं आणि इथला दगडासारखा काबोचा भोपळा यांना ही लावायची नाही. मी पुढच्याच आठवड्यात काबोचाला लावली आणि धारेला दोन बारीक दाते पडले. अर्धा तास १००० वर.

१६ जून

लिंबाचं लोणचं. आईने वीस लिंबं चिरली, सुरी तशीच ताटात ठेवली आणि मीठ मोजायला गेली. अर्ध्या तासाने ठिपके. काळे चालतात, ते राहू द्यायचे. कांदा, मांस, चहा यांनी पातं हळूहळू निळं-करडं होतं आणि तो थरच पुढच्या गंजाला अडवतो. सुरुवातीला कोबी चिरला की कडा काळपट व्हायच्या, ते आता बंद झालं आहे. नारिंगी ठिपके मात्र लगेच काढायचे. ओल्या स्पंजवर खाण्याचा सोडा, मग कोरडं फडकं, मग तेलाचा एक थेंब.

ओट्यावर फडकं ठेवलं आहे, फक्त सुरीचं. आई त्याला सुरीचा पंचा म्हणते.

२१ जुलै, रविवार

दोन महिन्यांत १००० च्या दगडावर चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं. दर चौथ्या वेळी पाठ खाली आणून बाजूही थोड्या घासतो. धारेपासून ५ मिलिमीटर वर अजून ०.८ आहे. हाच आकडा सांभाळायचा आहे.

आज पुन्हा शितेन्नोजी. त्याच बाई, तोच डबा. एक नाकिरी ५०० ला देत होत्या. मूठ हलवून पाहिली, आत काहीतरी खुळखुळलं. ठेवून दिली.

टाचेजवळचा तो खड्डा धारेपासून आता तीन मिलिमीटरवर आला आहे. वर्षा-दोन वर्षांत धारेत उतरेल. तेव्हा टाच थोडी कापून टाकावी लागेल, त्याची नोंद तेव्हा.